मुंबईत एकच दिवस असेल, तर रेल्वेचा वारसा पाहण्यासाठी सीएसएमटीची (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची) इमारत पुरेशी आहे का?

नाही. आपण प्रश्नात लिहिले आहे की, ‘सीएसएमटी पाहा, बाकी सगळी कळकट स्थानके आणि कारखाने आहेत, त्यात वेळ घालवू नका’ असा सल्ला एका परिचिताने आपल्याला दिला. त्या ‘कळकट’ शब्दामुळेच मी हे उत्तर लिहायला बसले आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात 34 वर्षे फिटर होते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने 1915 मध्ये सुरू केलेला हा कारखाना आजही चालू आहे. ठरावीक मुदतीने डबे तिथे येतात, डब्याचा सांगाडा चाकांवरून उचलला जातो, ब्रेक, स्प्रिंगा, ॲक्सल सारे उघडून तपासले जाते आणि मगच डबा पुन्हा रुळावर जातो. तिथली माणसे या कामाला ‘पीओएच’ (पीरिऑडिक ओव्हरहॉल) म्हणतात आणि आमच्या घरी हा शब्द मीठ-मिरचीइतका रोजचा होता.

सीएसएमटीची इमारत अप्रतिम आहे, याबद्दल माझे दुमत नाही. 1878 मध्ये बांधकाम सुरू झाले, 1888 मध्ये पूर्ण झाले, सुमारे 16 लाख रुपये खर्च आला आणि 2004 मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, हे आपल्याला कुठेही वाचायला मिळेल. माझा आक्षेप इमारतीला नाही, ती दाखवण्याच्या पद्धतीला आहे.

2011 मध्ये माझा थोरला भाऊ अण्णांना आणि मला एका वारसा-फेरीला घेऊन गेला. अण्णा तेव्हा 76 वर्षांचे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, काठी घेऊन ते सकाळी साडेसातलाच तयार होऊन बसले होते. फेरी घेणारा तरुण हुशार होता. वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, व्हेनिसच्या वळणाचे गॉथिक, घुमटावरचा प्रगतीचा पुतळा, फाटकावरचे सिंह आणि वाघ, असे तो भराभर सांगत होता. अण्णांनी तासभर ऐकले आणि मग एकच प्रश्न विचारला, “हे दगड घडवले कोणी?” तो म्हणाला, “काका, स्थानिक मजूर होते, त्यांची काही नोंद नाही, आपल्याला पुढे जायचंय.” अण्णा पुन्हा काही बोलणार, तोच दादाने त्यांच्या दंडाला धरून हलक्या आवाजात सांगितले, “अण्णा, लोक खोळंबलेत, राहू द्या.” अण्णा राहिले. उरलेला अर्धा तास ते मागे, एका खांबाजवळ उभे होते.

नोंद नाही हे खरे नाही. स्टीव्हन्सच्या हाताखाली सीताराम खंडेराव आणि एम. एम. जनार्दन ही आपली माणसे बांधकामावर होती आणि त्यांची नावे कागदोपत्री आहेत. भिंतींवरचे मोर, माकडे, पाने-फुले यांच्या घडणीत सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. दर्शनी भिंतीवर जीआयपी कंपनीच्या संचालकांचे जे अर्धपुतळे कोरले आहेत, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आहेत, ते शोधून पाहा. टाकी धरणाऱ्या प्रत्येक पाथरवटाचे नाव सापडणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु नाव सापडत नाही म्हणून त्याच्याविषयी बोलायचेच नाही, हे मला मान्य नाही.

त्या दिवशी घरी परतताना दादाचा आणि माझा जो वाद झाला, तो आजतागायत मिटलेला नाही. दादाचे म्हणणे असे की, रेल्वे ही इंग्रजांची देणगी आहे, आपण फक्त ती वापरली, आणि देणगीचा वारसा म्हणजे देणाऱ्याने बांधलेल्या वास्तू. माझे उत्तर तेव्हाही तेच होते आणि आजही तेच आहे. देणगी देणारा व्याज मागत नाही. जीआयपीच्या भागधारकांना त्यांच्या भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी होती आणि ती भागवली जायची इथल्या महसुलातून, म्हणजे कोकणातल्या आणि देशावरच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. मुंबईत रेल्वे यावी म्हणून शंकरशेट आणि जीजीभॉय 1845 पासून खटपट करत होते. 16 एप्रिल 1853 रोजी दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने 14 डबे घेऊन बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या परिसरातून, ठाण्याकडे निघाली, तेव्हा 21 तोफांची सलामी झाली, हे आपण सगळे शाळेत शिकतो. त्यानंतर दहा वर्षांनी, 1863 मध्ये, बोरघाटाचा चढ खुला झाला. त्या घाटावर 1861 च्या सुमारास एका वेळी 42,000 माणसे राबत होती आणि पटकीने, तापाने, दरडींखाली हजारो मेली. त्यांच्यासाठी तोफ वाजली नाही. इंग्रज कंत्राटदारही त्या कामात गेला आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने काम पुढे नेले. तिच्याविषयी मला आदर आहे, परंतु माझा मान आधी त्या 42,000 जणांना आहे.

आता कारखान्याविषयी, कारण आपल्या परिचितांनी तो शब्दही घेतला आहे. मी आठ वर्षांची असताना, 1975 च्या खंडेनवमीला, अण्णा मला माटुंग्याच्या कारखान्यात घेऊन गेले. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत जाता येत असे. जमीन धुऊन लख्ख केली होती, लेथांना झेंडूची तोरणे होती, हातोड्या, पाने, कानशी ओळीने मांडून त्यांवर हळदकुंकू वाहिले होते. नारळाच्या पाण्याचा, ग्रीसचा आणि झेंडूचा असा एकत्र वास मी पुन्हा कुठे घेतलेला नाही. अण्णांनी मला जोडचाकापाशी नेले, लांब दांड्याची हातोडी माझ्या हातात देऊन वर आपला हात धरला आणि चाकावर टोला दिला. घंटेसारखा खणखणीत, लांबत जाणारा नाद आला. मग त्यांनी बाजूला काढून ठेवलेल्या एका चाकावर तसाच टोला दिला, तर ते बद्द वाजले. “याच्या पोटात चीर आहे,” ते म्हणाले, “डोळ्यांना दिसणार नाही, पण कानाला कळते. हे चाक गाडीखाली गेले असते तर माणसे मेली असती.” उन्हाळ्याच्या तोंडाशी ते धारावीच्या कुंभारवाड्यातून माठ आणायला जात, तेव्हा टिचकी मारून, मान तिरकी करून, अगदी तसेच ऐकत. कुंभारही हसून म्हणे, “रेल्वेवाल्यांना फसवता येत नाही.” आता चाके-ॲक्सल ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासतात आणि ते योग्यच आहे, कारण माणसाचा कान संध्याकाळपर्यंत थकतो.

दादा त्या दिवशी आमच्याबरोबर आला नाही. तो कधीच कारखान्यात आला नाही. शाळेत कोणी विचारले तर ‘वडील रेल्वेत आहेत’ एवढेच तो सांगे. मला त्याचा राग येत असे, परंतु त्याचे कारण मला नंतर उमगले. 8 मे 1974 ला रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला आणि 27 मेपर्यंत चालला. ते 20 दिवस अटकेच्या भीतीने अण्णा घरी झोपत नव्हते, पगार नव्हता, आणि करी रोडच्या आमच्या चाळीखालच्या वाण्याकडे उधारी वाढवून मागायला आई बारा वर्षांच्या दादाला पाठवत असे. दुकानात चाळीतली बायका-माणसे उभी असत. कारखाना म्हटले की त्याच्या मनात झेंडू येत नाही, तो दुकानाचा कट्टा येतो. हे मी समजू शकते. तरीही त्या खांबाजवळ अण्णांचा दंड धरायला नको होता.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. एकच दिवस असेल तर सकाळी उशिरा सीएसएमटीला जा आणि तिकीटघरात शिरून मान वर करा. निळ्या छतावरच्या सोनेरी चांदण्यांमुळे त्या दालनाला ‘स्टार चेंबर’ म्हणतात आणि आजही तिथे रांगेत उभे राहून लोक डोंबिवलीचे तिकीट काढतात. नंतर हार्बरच्या फलाटांवर जा. 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून (सीएसएमटीचे तेव्हाचे नाव) हार्बर मार्गानेच कुर्ल्याला गेली. 1500 व्होल्ट डीसीचा तो जुना प्रवाह याच मार्गावर सर्वांत शेवटी, एप्रिल 2016 मध्ये, बंद होऊन एसी प्रवाह आला. मग मुख्य मार्गाच्या धीम्या लोकलने भायखळ्याला उतरा. एकोणिसाव्या शतकातले ते स्थानक काही वर्षांपूर्वी डागडुजी करून मूळ रूपात आणले आहे आणि 2022 मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते सीएसएमटीइतकेच ते पाहण्यासारखे आहे, आणि तिथे कोणी आपल्याला पुढे चला म्हणत नाही. पुढे चिंचपोकळी किंवा करी रोडला उतरून लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून चाला. मिरच्या कांडणाऱ्या गिरण्यांचा ठसका घशात गेल्याशिवाय गिरणगाव कळत नाही. कापडगिरण्यांचे भोंगे बंद झाले, चाळींच्या जागी मनोरे आले, परंतु ज्या लोकलने तिथला कामगार जात-येत असे ती अजून त्याच रुळांवरून धावते. पश्चिम रेल्वेवर वांद्रे स्थानकाची वास्तू आहे, वेळ उरला तरच तिकडे वळा.

पूल जुना आहे म्हणून तो राखाच, असे मात्र मी म्हणणार नाही. रुळांवरचा 1868 चा कर्नाक पूल नोव्हेंबर 2022 मध्ये 27 तासांचा ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, पाडला, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. तो धोकादायक झाला होता आणि पाडणेच बरोबर होते. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगरून 23 माणसे गेली. त्यानंतर अरुंद जिन्यांच्या सौंदर्याविषयी मला कोणी काही ऐकवू नये. ज्यांच्यासाठी रेल्वे आहे ती माणसे सुखरूप घरी पोहोचावीत, यासाठीच अण्णा चाकांवर टोले देत होते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 9 या वेळांत लोकलमध्ये चढू नका. त्या गर्दीत आपल्याला काही दिसणार नाही आणि कामावर जाणाऱ्यांची अडचण होईल. सीएसएमटीच्या आतील वारसा दालन सर्व वेळ उघडे नसते, तेव्हा चौकशी करून जा. माटुंग्याचा कारखाना परवानगीशिवाय पाहता येत नाही आणि येऊही नये, कारण तिथे डोक्यावरून क्रेनने डबे जात असतात. ओळखीत कोणी तिथला कामगार असेल तर त्याला खंडेनवमीबद्दल विचारून ठेवा. एरवी माटुंग्याच्या झेड ब्रिजवर, म्हणजे रुळांवरच्या पादचारी पुलावर, दुपारी अर्धा तास उभे राहा. खालून जाणाऱ्या गाड्यांकडे नुसते पाहू नका, रुळांच्या सांध्यांवरून चाके जाताना आवाज कसा बदलतो, ते ऐका.

दादाचा नातू यंदा दहा वर्षांचा झाला. येत्या मे महिन्यात मी त्याला हाच फेरफटका घडवणार आहे, फक्त क्रम उलटा असेल. आधी झेड ब्रिज, मग भायखळा आणि शेवटी बोरीबंदर. दादालाही बोलावले आहे.