आपत्तीपटाचा दुसरा भाग लिहू पाहणाऱ्यास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला आराखडा मी काळजीपूर्वक वाचला. तुझ्या पहिल्या कथेत घाटातली दरड कोसळून एक वाडी गाडली गेली होती. दुसऱ्या भागात तू धरण फोडले आहेस, तीन तालुके पाण्याखाली घातले आहेत आणि मृतांची संख्या दसपट केली आहेस. दुसरा भाग म्हणजे अधिक मोठी आपत्ती, असे गृहीत धरूनच तू लिहायला बसलास, असे मला वाटते. ते गृहीतक तुला स्वतः तपासता यावे म्हणून दोन नॉर्वेजियन चित्रपटांविषयी लिहितो आहे: रोअर उथॉग यांनी दिग्दर्शित केलेला २०१५ चा ‘द वेव्ह’ आणि त्याच कुटुंबाची कथा पुढे नेणारा, जॉन आंद्रेआस आंदेर्सन यांचा २०१८ चा ‘द क्वेक’. दुसरा चित्रपट पहिल्याहून सरस आहे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून पहिल्याला कमी लेखू नकोस. त्याचा पाया खरा आहे. पश्चिम नॉर्वेतल्या गाइरांगर गावाजवळ ओकनेसेट नावाचा डोंगरउतार आहे, त्याला पडलेली भेग दरवर्षी काही सेंटीमीटर रुंदावते आणि तिच्यावर उपकरणांनी अहोरात्र लक्ष ठेवले जाते. हा कडा कोसळून खालच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या समुद्राच्या अरुंद खाडीत, पडला तर उसळणारी लाट गावापर्यंत पोहोचायला जेमतेम दहा मिनिटे लागतील, एवढ्या एका गोष्टीवर चित्रपटाचा सगळा ताण उभा आहे. हे कल्पनेतले भय नव्हे. ७ एप्रिल १९३४ रोजी जवळच्याच ताफ्योर्ड येथे असाच कडा कोसळला आणि लाटेत ४० माणसे गेली. क्रिस्टियान हा भूवैज्ञानिक नोकरी सोडून कुटुंबासह गाव सोडण्याच्या बेतात असताना त्याला उपकरणांच्या नोंदींत खोट दिसते, डोंगरावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रातले सहकारी पर्यटनाच्या हंगामात भोंगा वाजवायला कचरतात, आणि अखेर तो वाजतो तेव्हा दहाच मिनिटे उरलेली असतात. ती दहा मिनिटे उथॉग यांनी अतिशय कसबाने रचली आहेत.

पण लाट येऊन गेल्यावर चित्रपटाजवळ सांगण्यासारखे फारसे उरत नाही. हॉटेलच्या तळघरात पाणी भरत असताना क्रिस्टियानची पत्नी इडुन मुलाला वाचवण्यासाठी भेदरलेल्या एका पर्यटकाचा जीव घेते. क्रिस्टियान बुडून जवळजवळ मेलेला असताना मुलगा त्याला परत शुद्धीवर आणतो. आणि चौघे पुन्हा एकत्र येतात. एका आईने आपल्या हातांनी माणूस मारला आहे, हे पुनर्मीलनाच्या आनंदात पार मागे पडते. आपत्तीपटांचा हा जुना संकेत आहे: ज्यांच्याशी आपली ओळख करून दिली ते वाचले की कथा संपली, बाकीचे मेले ते पार्श्वभूमीतले होते.

‘द क्वेक’ नेमके या संकेतालाच हात घालतो. तीन वर्षांनंतर क्रिस्टियान गाइरांगरमध्ये एकटाच राहतो, पत्नी आणि मुले ओस्लोला गेली आहेत. लोक त्याला वीर म्हणून ओळखतात, पण वाचले नाहीत त्यांच्या आठवणीतून तो बाहेर पडू शकलेला नाही. त्याची धाकटी मुलगी युलिया त्याला भेटायला येते आणि ठरलेल्या दिवसांआधीच तो तिला परत पाठवतो, कारण मुलीसमोर नीट वागण्याइतकेही बळ त्याच्यात उरलेले नाही. या भागात काहीही कोसळत नाही. तरीही दोन्ही चित्रपट मिळून मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा प्रसंग तोच वाटतो, आणि त्याचे बरेचसे श्रेय क्रिस्टोफर योनर या नटाच्या थकलेल्या, ओशाळलेल्या चेहऱ्याला द्यायला हवे. पहिल्या चित्रपटाचा सुखान्त अपुरा होता, हे दुसऱ्याचे लेखक कबूल करतात. विशेष म्हणजे पटकथाकारांची जोडी दोन्ही वेळी तीच आहे, म्हणजे हे स्वतःच्याच कामाचे पुनर्वाचन आहे.

आता एक बारीक मुद्दा, जो तुझ्या विशेष उपयोगाचा आहे. सरकत्या कड्याची पूर्वसूचना मिळू शकते. भूकंपाची वेळ आजही कोणाला सांगता येत नाही. त्यामुळे पहिल्या चित्रपटात पडदे आहेत, आलेख आहेत, भोंगा आहे, तर दुसऱ्यात एका माणसाच्या भीतीखेरीज काहीच नाही. २३ ऑक्टोबर १९०४ रोजी ओस्लोला, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्टियानिया शहराला, ५.४ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला होता, तसा किंवा त्याहून मोठा धक्का पुन्हा बसू शकेल, या शक्यतेवर कथा रचली आहे. एका जुन्या सहकाऱ्याचा बोगद्यात मृत्यू होतो, त्याची कागदपत्रे क्रिस्टियानच्या हाती येतात आणि तो इशारा देऊ लागतो. पण आता तो खचलेला माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि प्रेक्षक म्हणून आपल्यालाही काही काळ वाटते की याला सर्वत्र जुनीच लाट दिसते आहे. पहिल्या आपत्तीने केलेली जखमच दुसऱ्या वेळी इशाऱ्याच्या आड येते. दोन भागांना जोडणारा याहून घट्ट सांधा मला कोणत्याही आपत्तीपटात आढळलेला नाही.

भूकंप येतो तो बऱ्याच उशिरा, आणि आल्यावर तो शहरभर पसरत नाही. दिग्दर्शक आपल्याला मुख्यतः एका उंच हॉटेलात, कलंडलेल्या मजल्यावर आणि लिफ्टच्या बोळात कोंडतात. आंदेर्सन हे मुळात छायालेखक. कोणती वस्तू कुठे आहे, मूल कोणत्या दिशेला घसरेल, काच किती वजन पेलेल, हे ते आधी शांतपणे दाखवतात आणि मगच धक्का देतात. मग लिफ्टच्या बोळात इडुन मरते. पहिल्या चित्रपटात ज्या कुटुंबाला हात लावायला लेखक धजावले नव्हते, त्याचीच किंमत इथे मोजली जाते, आणि या वेळी कोणीही तिला परत शुद्धीवर आणत नाही.

दोष आहेतच. एवढा विध्वंस करणारा भूकंप ओस्लोत होणे फारसे संभवनीय नाही, इशारा धुडकावणारा अधिकारी ठरावीक साच्यातला आहे, आणि थोरल्या मुलाच्या वाट्याला फार थोडे आले आहे. यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

नॉर्वेत लोएन नावाचे ठिकाण आहे. १९०५ मध्ये तिथल्या रामनेफ्येल डोंगराचा कडा तळ्यात कोसळून ६१ माणसे मेली. वाचलेल्यांनी त्याच काठावर पुन्हा घरे उभारली, आणि १९३६ मध्ये त्याच डोंगराने आणखी सत्तरहून अधिक माणसे नेली. मला या घटनेत लाटेच्या उंचीपेक्षा मधली ३१ वर्षे महत्त्वाची वाटतात: त्या काठावर परत राहायला जाणाऱ्यांनी एकमेकांना काय सांगितले असेल, आणि मुलांना काय सांगायचे टाळले असेल? आपल्याकडे ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले आणि काही वर्षांनी उरलेल्यांसाठी नवे गाव वसले. तुझी वाडी काल्पनिक असली तरी तिची माणसे याच डोंगराळ मुलखातली आहेत, तेव्हा त्यांच्या नव्या घरांत पहिला पाऊस कसा ऐकला जातो, हे तुला ठाऊक असायला हवे. तुझ्या आराखड्यात पहिल्या भागातून वाचलेली शिक्षिका दुसऱ्या भागाच्या तिसऱ्याच पानावर धरणाच्या भिंतीवर उभी राहून सूचना देते. मधल्या काळात ती कुठे राहिली, तिची शाळा पुन्हा भरली का, वर्गातल्या रिकाम्या जागांचे तिने काय केले, याचे एकही वाक्य नाही.

तेव्हा धरणाचा भाग सध्या पुरता बाजूला ठेव. ‘द क्वेक’ पाहताना भूकंपाच्या पहिल्या धक्क्याशी चित्रपट थांबव आणि तोवर तुला त्या चार माणसांविषयी काय काय कळले ते कागदावर उतरवून काढ. मग त्या शिक्षिकेची मधली वर्षे संवादांसह लिही, कितीही पाने होऊ देत, आणि दिवाळीपूर्वी माझ्याकडे पाठव. धरण फुटावे की नाही, हे आपण ती पाने वाचून ठरवू.

तुझा,
शुभचिंतक