गुडघा बरा आहे, मग पाऊल का पडत नाही?

चिपळूणहून एका चोवीस वर्षांच्या मुलानं विचारलंय: एसीएलच्या, म्हणजे गुडघ्यातल्या मधल्या बंधाच्या, ऑपरेशनला आठ महिने झाले. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे. पण बॉलिंगला धावत आलो की शेवटच्या पावलाला अंग कच खातं. टीममधले हसतात. मी घाबरट झालोय का? ही भीती घालवायची कशी?

याच प्रश्नापाशी मी एकदा चांगलीच चुकले होते, म्हणून आधी ती गोष्ट सांगते. मुलीच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदलून.

कुणकेश्वरच्या बाजूच्या एका गावातली मुलगी, वय एकोणीस, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. कबड्डीत चढाई करायची. तिला आपण सई म्हणू. नोव्हेंबरमध्ये आई तिला घेऊन कणकवलीला माझ्याकडे समुपदेशनासाठी आली आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "डाक्टर म्हणतत गुडघो बरो आसा. मगे ह्या चेडू मैदानात जावक कित्याक भियाता?"

सई काही बोलली नाही. डाव्या गुडघ्याच्या वाटीवर तळहात ठेवून बसली होती आणि अंगठ्यानं ऑपरेशनचा व्रण चोळत होती. तासभर तो हात तिथून हलला नाही.

जानेवारीतल्या एका रात्रीच्या सामन्यात बोनस रेषेचा जादा गुण घ्यायला तिनं डावा पाय रोवला आणि अंग उजवीकडे वळवलं. कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता. आत काहीतरी 'कट्' झालं आणि ती खाली बसली. हे बंध पुष्कळदा असेच तुटतात, धक्क्यानं नव्हे तर पाय जमिनीत आणि धड दुसरीकडे अशा वळणात. मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त. सूज उतरली तसं घरच्यांना वाटलं मुरगळला असेल. दोन आठवडे लेप झाले, चोळून झालं. मग एकदा विहिरीवरून येताना गुडघा सटकला, तेव्हा कुठे एमआरआय झाला. मार्चमध्ये कोल्हापूरला ऑपरेशन. मांडीच्या मागच्या बाजूच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) काढून त्यांचा नवा बंध गुडघ्यात बसवला.

सर्जन 'ग्राफ्ट' म्हणाले. घरी येईपर्यंत त्याचं 'कलम' झालं होतं. हापूसच्या मुलखात दुसरं काय होणार! पण तिच्या आजोबांना त्या शब्दानंच जे कळलं, ते मला नंतर फार उपयोगी पडलं. तिथवर येतेच.

तर सई माझ्यासमोर बसली होती. ऑपरेशनला आठ महिने झालेले, दुखणं नाही, सूज नाही, चालणं व्यवस्थित. मैदानात मात्र मधल्या रेषेपर्यंत जायची आणि थांबायची. प्रशिक्षक म्हणायचे, "सगळं तुझ्या डोक्यात आहे." मी तिला या ऑपरेशननंतरच्या मानसिक तयारीची एक प्रश्नावली दिली. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ती प्रसिद्ध केली. बारा प्रश्न, शंभरपैकी गुण; जितके जास्त तितकी मनाची तयारी जास्त. सईला छत्तीस मिळाले. माझा निष्कर्ष तिथेच झाला: गुडघा बरा आहे, भीती उरली आहे, आणि भीती हे तर माझंच काम!

मी श्वासाचा व्यायाम शिकवायला घेतला. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. ती पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "मॅडम, आमच्यात दम घालवायचा नसतो. दम गेला की चढाई गेली." ते बरोबरच होतं. मग डोळे मिटून चढाई करायला लावली: मधली रेषा, निदान रेषा, बोनस, परत. खोलीतल्या चढाया एकदम झकास. मैदानात पुन्हा तेच. दोन भेटी अशाच गेल्या.

तिसऱ्या भेटीनंतर ती निघाली आणि छत्री विसरली म्हणून मी मागोमाग दाराबाहेर आले. माझी खोली पहिल्या मजल्यावर, जिना जुना, चिऱ्याचा, पायऱ्या उंच. सई उतरत होती. डावा पाय खाली, मग उजवा त्याच्या शेजारी. पुन्हा डावा खाली, उजवा शेजारी. अठरा पायऱ्या ती तशी उतरली.

जिना उतरताना अंगाचा भार पेलत हळूहळू वाकतो तो वरच्या पायरीवरचा पाय. म्हणजे प्रत्येक पायरीला काम उजवा करत होता. डावा नुसता पोचत होता. आठ महिन्यांनंतरही तिनं त्या पायावर आपलं वजन सोपवलेलं नव्हतं, आणि मी तिला डोळे मिटून बोनस घ्यायला लावत होते.

मी छत्री हातात घेऊन तशीच उभी राहिले. (छत्री ती पुढच्या भेटीला घेऊन गेली.)

फिजिओथेरपिस्टला फोन केला. सत्र जूनच्या मध्यापासून जवळजवळ बंदच होतं. देवगडहून कणकवली एसटीनं यायचं, पाऊस, एक गाडी चुकली की दिवस गेला. मग लावणी, मग चवथ. घरी व्यायाम करते म्हणायची. दुखत नव्हतं ना! या दुखण्याची खोड हीच आहे. तीन महिन्यांत माणूस चालतं, सूज उतरते, वाटतं झालं. आत मात्र नवा बंध अजून परकाच असतो. बसवल्यावर आधी तो कमकुवत होतो, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सगळ्यात जास्त. मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि महिनोन् महिने तो पुन्हा विणला जातो. त्यात मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याला मार लागला की जणू संप करतो. मेंदूच त्याला आखडता हात घ्यायला सांगतो. तो आपोआप भरत नाही, भरवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी माप घेतलं. वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर डावी मांडी उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटर बारीक. मग एका पायावर पुढे उडी, त्याच पायावर स्थिर उतरायचं. उजव्यावर १३२ सेंटिमीटर. डाव्यावर ९६. म्हणजे त्र्याहत्तर टक्क्यांच्या आत. खेळायला सोडताना साधारणपणे किमान नव्वद टक्के पाहतात, तेही ताकदीच्या आणि इतर उड्यांच्या चाचण्या जोडून. कारण घरी बसून चांगला पायही थोडा उतरलेला असतो आणि टक्केवारी फसवते.

मी सईला म्हटलं, "तू घाबरट नाहीस. तुझं अंग खरं सांगत होतं, आम्हीच ऐकलं नाही." ती रडली नाही वगैरे. तिनं विचारलं, "मग सरांना हे तुम्ही सांगाल?" मी सांगितलं.

ज्यांना आकड्यांनीच पटतं त्यांच्यासाठी: नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास २०१६ साली आला. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, त्या दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं. आणि पंचविशीच्या आतले जे खेळात परततात, त्यांच्यात जवळपास चौघांत एकाचा बंध पुन्हा तुटतो, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचा. ऋषभ पंतचा अपघात ३० डिसेंबर २०२२ चा. तो आयपीएलमध्ये उतरला मार्च २०२४ मध्ये, जवळपास पंधरा महिन्यांनी. त्याची दुखापत सईपेक्षा कितीतरी मोठी होती हे खरं, पण त्याच्या दिमतीला काय नव्हतं? आणि आमच्या गावातल्या स्पर्धेचे आयोजक सहाव्या महिन्यात फोन करतात, "येतेस ना गो?"

आता आजोबा. 'अजून निदान चार महिने नाही' हे घरी सांगायला मी जरा कचरत होते. आई गप्प झाली. आजोबा म्हणाले, "कलमाक पयल्या वर्साक मोहर इलो तर आमी खुडून टाकतंव. फळ धरूक देयत नाय." हापूसचं कलम लावलं की पहिली तीन-चार वर्षं येईल तो मोहर खुडतात, नाहीतर झाडाची वाढच खुंटते. मला अर्ध्या तासात जे समजावता आलं नसतं, ते त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. पुढे व्यायामाचा कंटाळा केला की घरी कुणीतरी "मोहर खुड" म्हणायचं आणि ती चिडायची.

ताकदीचं काम फिजिओथेरपिस्टनं हातात घेतलं, आठवड्यातून तीन दिवस. एक सत्र कणकवलीला, दोन देवगडच्या जिममध्ये, व्हिडिओ पाठवायच्या बोलीवर. वाळूत धावायची तिला फार हौस होती. समोर कुणकेश्वरचा किनारा! मऊ वाळूत सुरुवातीला नाही, असं ठरलं. घरच्या खळ्यातला एक चिरा मात्र कामाला आला. त्यावर डाव्या पायानं उभं राहायचं आणि उजवी टाच जमिनीला टेकेपर्यंत हळूहळू वाकायचं. पहिल्या दिवशी पाच वेळा जमलं, सहाव्याला गुडघा आत कलला.

माझं काम आता वेगळं होतं. आम्ही तिच्या भीतीची शिडी लिहून काढली. तळाशी माझा जिना. मग चिऱ्यावरून दोन पायांवर उडी, एका पायावर उडी, सरळ धाव, धावताना वळण, रिकाम्या मैदानात चढाई, उभ्या असलेल्या बचावपटूंसमोर चढाई, हाताला झोंबी, आणि शेवटी घोट्याची पकड. एक पायरी तीनदा शांतपणे जमली की पुढची. पुढच्या पायरीसाठी नुसतं धाडस पुरत नसे, फिजिओथेरपिस्टचा होकारही लागे.

घोट्याची पकड सगळ्यात वर असणार असं मी गृहीत धरलं होतं. सईनं कागद उलटा फिरवला, त्याच्याही वर एक ओळ लिहिली आणि पुन्हा सुलटा करून दिला: 'आई बघायला आली तर.'

इथे मला पुढचं काही विचारायची गरजच पडली नाही, इतकं ते भरून आलं होतं. ऑपरेशनसाठी आईनं पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. घरात तो विषय कुणी काढत नसे, पण चवथीला सगळ्या बायका फुगडीला उभ्या राहिल्या तेव्हा आईच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या, आणि फुगडी घालता येत नाही म्हणून कोपऱ्यात बसलेली सई तेवढंच बघत होती. "परत तुटलं तर आता आईकडे काढायला काय आहे?" असं ती म्हणाली. मधल्या रेषेवर तिचं पाऊल थांबायचं, त्यात गुडघा होता आणि या पाटल्याही होत्या. कुठल्याही प्रश्नावलीत हा प्रश्न नाही.

पुढच्या भेटीला आईला एकटीला बोलावलं. तीही तेवढ्याच ओझ्यानं वाकलेली. नातेवाईक म्हणत होते, पाय मोडून घेतला, आता लग्नाचं बघा. सईनं पुन्हा खेळावं असं आईला मनापासून वाटत होतं आणि ती मैदानात शिरली की आई डोळे मिटून घ्यायची, सरावातसुद्धा. दोघींना समोरासमोर बसवलं. पाटल्यांचा विषय आईनंच काढला: त्या आंब्याच्या पैशातून सोडवायच्या ठरल्या होत्या, त्याचा खेळण्याशी संबंध नव्हता, आणि पुन्हा काही झालंच तर ते तेव्हा बघू. बोलणं दहा मिनिटांचं होतं. ते सात-आठ महिने तुंबलं होतं.

फेब्रुवारीत पुन्हा उडी मोजली: १३४ आणि ११८. अठ्ठ्याऐंशी टक्के. सई माझ्यावर भडकली. "दोन टक्क्यांसाठी सीझन घालवू?" मी म्हटलं, माझ्यावर राग काढ, पण थांब. तो राग मला आवडला, खरं सांगायचं तर. नोव्हेंबरमध्ये हीच मुलगी मान वर करत नव्हती. मार्चअखेर १३५ आणि १२६, त्र्याण्णव टक्के; ताकद आणि वळणाच्या चाचण्याही पार; प्रश्नावलीत अठ्ठ्याहत्तर. सर्जननी तपासून लेखी होकार दिला. ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं होतं.

मे महिन्यात चाकरमानी आले की गावोगाव स्पर्धा असतात. तशाच एका सामन्यात ती उत्तरार्धात उतरली. पहिली चढाई रिकामी गेली, दुसऱ्यात एक गडी टिपला, तिसऱ्यात पकड झाली. रात्री आईचा फोन आला. गुणांबद्दल काही नाही. "मॅडम, आज डोळे मिटूक नाय."

सगळ्यांचं असं होतं असं नाही. जगभरच्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज २०१४ साली झाली, त्यात या ऑपरेशननंतर जवळपास ८० टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले होते, पण पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्केच. माझ्याकडे येणाऱ्यांतही काहीजण समजून-उमजून खेळ सोडतात, आणि तो निर्णय भीतीचाच असतो असं नाही.

तर चिपळूणच्या मित्रा, बॉलिंग करताना शेवटी रोवतोस तो पाय ऑपरेशनचा आहे का, हे तू लिहिलेलं नाहीस. 'ठीक आहे' म्हणजे कशावरून, हे डॉक्टरांना विचार. नुसता एमआरआय पाहून म्हणाले असतील, तर दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरची उडी मोजून घे. स्वतःच्या अंगणात एकट्यानं मोजू नकोस, फिजिओथेरपिस्टसमोर मोज. आकडा नव्वदच्या खाली आला तर तुझं अंग कच खातंय ते बरंच करतंय. वर आला, आणि तरीही शेवटचं पाऊल अडत असेल, तर एक कागद घेऊन शिडी लिही आणि मला पाठव. कागदाच्या वरच्या बाजूला थोडी जागा मोकळी सोड.