लहानपणी काँट्रा संपवायचो, आता पहिलीच स्टेज जमत नाही

"मॅडम, माझा मेंदू मंदावलाय का?" माझ्याकडे समुपदेशनाला येणारे, चाळिशी ओलांडलेले बरेच जण हे विचारतात. कुणाला चाव्या सापडत नाहीत, कुणाला नावं आठवत नाहीत. या गृहस्थांचं निमित्त मात्र काँट्रा नावाचा जुना व्हिडिओ गेम होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय 43, बँकेत अधिकारी. मुलासाठी म्हणून जुने गेम भरलेला व्हिडिओ गेम मागवला. मुलगा दहा मिनिटांत उठला, बाबाच अडकले. रोज रात्री जेवणं उरकली की टीव्हीसमोर. तिन्ही लाइफ पहिल्या-दुसऱ्या स्टेजमध्येच खल्लास. "मे महिन्याच्या सुट्टीत मी हा डोळे मिटून संपवायचो हो!"

"तेव्हा लाइफ किती असायच्या?"

ते ओशाळून हसले. तीस. सुरुवातीला ठरावीक बटणं दाबली की मिळायच्या: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. सांगताना अंगठे आपसूक हलत होते. ही युक्ती मुळात काँट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. 1986 साली ग्रेडियस हा कंपनीचा दुसरा गेम घरच्या मशीनवर आणताना तो तपासायला त्यांनाच झेपेना, म्हणून त्यांनी ती घातली. बनवणाऱ्याची ही गत! कॅसेटमध्ये जागाही इवलीशी, अख्खा सुपर मारिओ 40 किलोबाइटचा. एवढ्यात गेम पुरवायचा तर तो अवघड हवाच.

मग मी त्यांना ताईला फोन करायला सांगितलं. दोघं मिळून खेळायचे ना. ताईंनी पार उतरवलीच. "धबधब्याच्या स्टेजला तू घाईघाईने वर चढायचास, स्क्रीन सरकायची आणि खाली राहिलेली मी मरायचे. शेवटची स्टेज मीच काढायचे, तू तोवर रिमोट आपटून आईकडे!"

आठवणीत जिंकणं तेवढं राहतं. रोजचं हरणं, तास न् तास तीच स्टेज घोटणं गळून जातं. वयाने प्रतिक्रियेचा वेग थोडा कमी होतो, हे खरं. पण तेवढ्याने काँट्रा हुकत नाही. शिवाय आजचे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात क्षणभर घेतात, त्यामुळे बटण दाबूनही माणूस उशिरा उडी मारतो. जुन्या डबा टीव्हीत हे होत नसे. सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो लावा म्हटलं.

मला खटकलं ते वेगळंच. ते खेळत नव्हते, रोज रात्री स्वतःची परीक्षा घेत होते. बँकेत नवी प्रणाली आली होती आणि हाताखालची पोरं ती झरझर शिकत होती.

"मग खेळणं बंद करू?" झोप, काम, घरातलं बोलणं बिघडत नसेल, खेळ लपवावा लागत नसेल, तर कशाला? पैशांचा हिशेब चुकणं, नेहमीचा रस्ता विसरणं असं काही असतं, तर मी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं काहीच नव्हतं.

पुढच्या भेटीत काँट्राचा विषय पाच मिनिटांत आटोपला. उरलेला वेळ त्या नव्या प्रणालीवर गेला, आणि हाताखालच्या पोरांना शंका विचारायला एवढं जड का जातं, यावर.