आईचा सीए-१२५ नॉर्मल आलाय, मग बायोप्सी कशाला?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझी आई ५८ वर्षांची आहे, पाळी जाऊन सात वर्षं झाली. दोन महिन्यांपासून अधूनमधून अंगावरून लाल जातंय. शुगर आहे, वजनही जास्त आहे. रिपोर्ट असे आहेत : हिमोग्लोबिन ९.६, प्लेटलेट ४ लाख ७० हजार, न्युट्रोफिल ७८, लिम्फोसाइट १५, सीए-१२५ २२. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर ११ मिमी आलंय. डॉक्टर बायोप्सी करा म्हणतात, पण मामा म्हणतात की कॅन्सरची रक्ततपासणी नॉर्मल आहे तर उगाच तुकडा काढायचा नाही, त्यानं पसरतं. काय करू? — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, बायोप्सी करा, आणि याच आठवड्यात करा. आधी हे सांगून टाकते, मग बाकीचं.

सीए-१२५ म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, त्याला लोक 'कॅन्सरची टेस्ट' म्हणतात ना, तिथेच सगळा घोळ होतो. ३५ च्या आत म्हणजे नॉर्मल हे खरं, पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर पिशवीतच असतो तेव्हा कितीतरी बायकांचा सीए-१२५ नॉर्मलच येतो. उलट फायब्रॉइड (पिशवीतल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढणं), पोटाचा टीबी यातही तो वाढतो, टीबीत तर कधीकधी शेकड्यात जातो आणि घरचे कॅन्सर समजून हादरून जातात. मग तो करायचा कशासाठी, तर बायोप्सीत कॅन्सर निघाला आणि हा आकडा वाढलेला असेल तर आजार पिशवीबाहेर गेला असेल का याचा अंदाज येतो, आणि ट्रीटमेंटनंतर लक्ष ठेवायला बरा पडतो. म्हणजे निदान झाल्यानंतरच्या कामाची ती टेस्ट आहे.

आता सीबीसीकडे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीकडे बघू, कारण खरं बोलतोय तो साधा रिपोर्ट आणि त्याकडे कुणी बघत नाही. आईचं रक्त जातंय, त्यात लोह जातं, म्हणून हिमोग्लोबिन उतरलंय. लोह कमी झालं की प्लेटलेट वाढतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. या कॅन्सरमध्ये, खासकरून पुढच्या स्टेजला, प्लेटलेट ४ लाखांच्या वर जाऊ शकतात, पण नुसत्या लोहाच्या कमतरतेनंही जातात, त्यामुळे आईच्या ४ लाख ७० हजारांवरून मी घाबरणारही नाही आणि निर्धास्तही होणार नाही, सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) करून घेईन. न्युट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी; न्युट्रोफिलला लिम्फोसाइटने भागलं की आईचं गुणोत्तर ५ च्या थोडं वर येतं. हे जास्त असलेल्या पेशंटमध्ये आजार पुढे गेलेला असण्याची शक्यता जास्त दिसते, पण युरिन इन्फेक्शन, स्टिरॉइड, कसलाही ताप, यातही ते वाढतं, आणि 'इतकं म्हणजे कॅन्सर' असा सगळ्यांनी मान्य केलेला आकडाच नाही. घरी बसून भागाकार करून रात्र जागवू नका.

निर्णय ठरतो तो दोन गोष्टींवर. एक, पाळी गेल्यावर अंगावरून जाणं. असं होणाऱ्या १०० पैकी साधारण ९-१० बायकांना कॅन्सर निघतो, म्हणजे बहुतेकींना नसतो, पण कोणाला आहे ते रक्तातून कळत नाही. दुसरं, अस्तर. पाळी गेलेल्या आणि रक्त जाणाऱ्या बाईचं अस्तर ४ मिमीच्या वर असलं की आम्ही तुकडा घेतोच, आईचं तर ११ आहे. त्यात शुगर आणि वजन, चरबीतून इस्ट्रोजन हे हार्मोन तयार होत राहतं आणि अस्तर वाढत जातं.

तुकड्यानं पसरतं ही भीती मामांना मनापासून वाटत असणार, पण तसं मानून बायोप्सी टाळायला काही आधार नाही, आणि थांबण्यात मात्र आजाराला वेळ मिळतो. पेशी बघितल्याशिवाय निदान होत नाही. बारीक नळी आत घालतात, पाळीत दुखतं तसं दुखतं, काही मिनिटांत होतं, बऱ्याचदा ओपीडीतच. पुरेसा तुकडा आला नाही तर हिस्टरोस्कोपी करून, म्हणजे दुर्बिणीनं पिशवीच्या आत बघून घेतात. आणि कोणी म्हणालं की पॅप स्मिअर नॉर्मल होता, तर ती पिशवीच्या तोंडाची तपासणी, आतल्या अस्तराची नाही.

जाताना आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आपल्या मनानं बंद करू नका. पूर्वी स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन घेतली असेल किंवा घरात कोणाला आतड्याचा, पिशवीचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. आणि मामांना सोबत घेऊन जा, डॉक्टरांकडून समोरासमोर ऐकलं की त्यांचीही भीती कमी होईल.