‘एम्बार्गो’ला नाकेबंदी म्हणावं का?

एका भाषांतरकाराने विचारलं आहे: ‘अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी १८०७ साली एम्बार्गो लादला’ या वाक्यात ‘नाकेबंदी’ हा शब्द चालेल का?

नाही चालणार. शत्रूचं आरमार आपल्या बंदराच्या तोंडाशी येऊन उभं राहतं, ती नाकेबंदी. ‘एम्बार्गो’ आला स्पॅनिश ‘एम्बार्गार’वरून, म्हणजे अडवून ठेवणं, जप्त करणं. डिसेंबर १८०७च्या कायद्याने अमेरिकी सरकारने आपल्याच व्यापाऱ्यांची जहाजं आपल्याच बंदरांत अडकवली. ब्रिटन आणि फ्रान्स अमेरिकी जहाजं पकडत होते. माल तोडला की ते वठणीवर येतील, असा हिशेब होता. ते काही वठणीवर आले नाहीत. अमेरिकेची निर्यात मात्र वर्षभरात सुमारे १० कोटी ८० लाख डॉलरवरून २ कोटी २० लाखांवर घसरली.

मी ‘सरसकट निर्यातबंदी’ लिहीन. कांद्यामुळे ‘निर्यातबंदी’ आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे आणि त्यातली सल इथे नेमकी बसते: माल आपला, अडवणारं सरकारही आपलंच. ‘सरसकट’ हवं, कारण बंदी एकाच मालावर नव्हती.

‘नाकेबंदी’ लिहिलंत तर पुढची गोष्टच वाचकाला उमगणार नाही. न्यू इंग्लंडची, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांची, बंदरं आपल्याच राजधानीवर का संतापली? त्या काळचं एक व्यंगचित्र फार बोलकं आहे. ब्रिटिश जहाजाकडे पिंप घेऊन निघालेल्या माणसाच्या पार्श्वभागाला एक कासव कडकडून चावलंय आणि तो ‘ओग्रॅबमी’च्या नावाने बोटं मोडतोय. ‘एम्बार्गो’ची इंग्रजी अक्षरं उलटी वाचा, कासवाचं नाव मिळेल!

हा कायदा १८०९ साली गेला, राग राहिला. ब्रिटनशी झालेल्या १८१२च्या युद्धाने तो आणखी पेटला आणि संघराज्यातून फुटून निघण्याची भाषा उघड होऊ लागली. डिसेंबर १८१४मध्ये न्यू इंग्लंडमधल्या हार्टफर्ड शहरात तिथले २६ प्रतिनिधी बंद दाराआड जमले. फुटून निघण्याची शिफारस त्यांनी केली नाही, तेव्हा त्यांना सरळ ‘फुटीर’ म्हणणंही अन्यायाचं होईल. त्यांनी घटनादुरुस्त्या मागितल्या. त्यातली एक तर आपल्या शब्दाची व्याख्याच आहे: अमेरिकी नागरिकांची जहाजं अमेरिकेच्याच बंदरांत ६० दिवसांहून जास्त अडवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, नसावा.

‘नाकेबंदी’ मात्र हाताशी ठेवा. १८१४ साली ब्रिटिश आरमाराने न्यू इंग्लंडचा किनाराही अडवला, तिथे तोच शब्द लागेल.