समुद्रात दुतोंड्या मारुती कुठे?

प्रश्न : गोदावरीला पूर आला की आमच्याकडे नाशिकला एकच चौकशी असते, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं?’ गुडघे, कंबर, छाती, त्यावरून अंदाज येतो. माझी बहीण हर्णैला दिली आहे, भाऊजींची मासेमारीची बोट आहे. त्यांच्या मोबाइलवर ‘लाटांची उंची 2.5 मीटर’ असा निरोप येतो. तिथे भर समुद्रात ना मारुती, ना घाट. मोजणारा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारं यंत्र, लाटेबरोबर स्वतःच वर-खाली होतो म्हणे. मग त्याला उंची कळते कशी?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, नोकरीतली बरीच वर्षं मी कोकणात या पिवळ्या बोयांच्या मागे घालवली आणि निवृत्तीनंतर नाशिकला आलो, पण इतका नेमका प्रश्न मला तिकडे कुणी विचारला नव्हता.

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक किलो साखर घेऊन लिफ्टमध्ये शिरा. (शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.) लिफ्ट वर निघताना आकडा किलोच्या पुढे जातो, वर पोचून थांबताना खाली येतो. मधे तो गप्प असतो. म्हणजे काट्याला उंची नाही, फक्त हिसका कळतो. बोयाच्या पोटात असाच काटा असतो. दर दहा सेकंदांनी येणारी, तळापासून माथ्यापर्यंत दोन मीटरची लाट धरा. तुमची साखर माथ्यावर 960 ग्रॅम भरेल, तळाशी 1040. हिशेब एवढ्या 40 ग्रॅमवर चालतो. क्षणाक्षणाच्या हिसक्यांची बेरीज केली की वेग मिळतो, वेगाची पुन्हा बेरीज केली की अंतर. बोया कलंडला तरी काटा आडवा राहावा म्हणून माझ्या बोयांत तो द्रवाने भरलेल्या गोळ्यात टांगलेला असे.

गंमत अशी, की या बोयाला भरती-ओहोटी दिसत नाही. भरतीचं पाणीही मीटर-दोन मीटर चढतं, पण सहा तासांत, इतकं सावकाश की किलोभर साखरेत फरक पडेल ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाएवढा. तो यंत्राच्या खरखरीत बुडून जातो, आणि दोनदा बेरीज करताना चूकच फुगत जाते. त्यासाठी जमिनीला धरून उभं असलेलं काहीतरी लागतं. तुमचा मारुती समुद्रालाही आहे, फक्त तो बंदरात असतो. मुंबईत अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत.

बोया तळाला बांधलेला असतो, पण वरच्या भागात रबरी दोर असतो, म्हणजे तो ताणला जाऊन बोयाला लाटेबरोबर मोकळेपणी चढता येतं. एकदा रत्नागिरीसमोरच्या आमच्या बोयाने रात्रभर लाटा अगदी मंद दाखवल्या. ‘समुद्र पडला’ म्हणून कार्यालयात सगळे खूश. वारा तर खिडक्या आपटत होता! सकाळी होडीने गेलो तर बोयाच्या कड्याला नायलॉनचा जाड दोर, ताजा कापलेला. कुणीतरी रात्री आपली बोट त्यालाच बांधून झोपलं होतं. नांगर टाकायचा कंटाळा, दुसरं काय.

आता भाऊजींसाठी. 2.5 मीटर ही सगळ्यात उंच लाट नव्हे. लाटा उंचीप्रमाणे लावायच्या, त्यातल्या वरच्या एक तृतीयांश घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची, ती ही उंची. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज हवा होता, तेव्हा समुद्रशास्त्रज्ञ स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी ही पद्धत बसवली. अनुभवी खलाशी नजरेने जी उंची सांगतो, तिच्या ती जवळपास येते. पण तीनेक तासांत एखादी लाट जवळजवळ दुप्पट, म्हणजे साडेचार-पाच मीटरची येऊ शकते. भाऊजींना हे माहीत असणार, तरी मोबाइलवरचा आकडा वाचताना लक्षात ठेवायला सांगा. आणि बोयाला बोट बांधू नका म्हणावं.