किल्ली कुणाकडे असते?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावातली कॉलेजं आणि वसतिगृहं भरू लागली, की आमच्याकडे पालकांची नि विद्यार्थ्यांची पत्रंही वाढतात. त्यातली चार इथे घेतली आहेत. आग असो, विजेचा धक्का असो की साप, बाहेरची मदत पोहोचेपर्यंतची पहिली दहा मिनिटं तिथल्या मुलामुलींची आणि वॉचमनची असतात. ती दहा मिनिटं डोळ्यांसमोर ठेवूनच ही उत्तरं लिहिली आहेत.

मुलीला बेळगावात वसतिगृहात ठेवायचं आहे. पाहायला गेल्यावर नेमकं काय बघावं? सगळे कॅमेरे दाखवतात. (एक पालक, खानापूर)

कॅमेरा घडलेलं दाखवतो. बाहेर पडायला वाट लागते. म्हणून आधी जिने मोजा. दोन हवेत, आणि तेही एकमेकांपासून लांब. दोन्ही एकाच टोकाला असतील तर एकच समजा. दुसऱ्या जिन्यावर जुन्या गाद्या, मोडक्या खाटा रचलेल्या असतील, तर तो अडगळीची खोलीच झाला. त्यानंतर विचारा, रात्री कोलॅप्सिबल गेटला कुलूप लावता का, आणि किल्ली कुणाकडे असते? ‘वॉचमनकडे’ असं उत्तर आलं तर पुढे विचारा, तो चहाला गेला तर? दुसरी किल्ली त्याच मजल्यावर, काच फोडून घेता येईल अशा पेटीत हवी. गेट स्वतः ओढून पाहा. पावसाळ्यात रुळात गंज आणि माती साचते, मग एकटीच्या जोराने गेट सरकत नाही. खिडक्यांना पक्के गज असतील, तर निदान एका खिडकीला आतून उघडणारी जाळी मागा. गच्चीचं दारही तपासा, मात्र सुटकेची वाट म्हणून गच्चीवर भिस्त ठेवू नका. जिना धूर वर ओढतो आणि गच्चीकडे चढणारी माणसं त्याच धुरात सापडतात.

आगीत पुष्कळदा माणूस जळण्याआधी धुराने गुदमरतो. मुलीला एवढं शिकवून ठेवा: दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावून पाहायची. गरम लागलं किंवा व्हरांड्यात काळा धूर भरला असेल, तर बाहेर पडायचं नाही. दार बंद ठेवून खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा आणि खिडकीतून बॅटरी हलवायची. वाट मोकळी असेल तर वाकून, जमिनीलगतच्या हवेतून जिना गाठायचा. लिफ्टकडे फिरकायचं नाही.

आता विजेचं. डिसेंबर-जानेवारीत इथल्या पहाटे गार असतात आणि खोल्याखोल्यांत बादलीत हीटर रॉड पडतो. १५०० वॉटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर ओढतो, आणि लहान पिनांचा सॉकेट सहा अँपिअरचाच असतो. त्यात बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड जोडला की वायर तापते, प्लग वितळतो. बादलीतलं पाणी आटून रॉड उघडा पडला तर बादलीच पेटते. रॉड चालू असताना पाण्याला हात लावणं हा तर सरळ जिवावरचा खेळ. एमसीबी (वीज आपोआप तोडणारा बोर्डावरचा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जादा लोड किंवा शॉर्टसर्किट झालं तरच ती पडते, अंगातून जाणारा थोडासा प्रवाह तिला कळतच नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे अंगातून गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, लागते. तिच्यावर ‘टेस्ट’चं बटण असतं, ते दाबल्यावर वीज गेलीच पाहिजे. रेक्टरसमोर दाबून दाखवायला सांगा. नाही गेली, तर ती फक्त नावाला आहे.

बोलून काम झालं नाही तर लेखी मागा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली विद्यार्थ्यांच्या सुरक्षेबद्दल उच्च शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. अर्जात त्यांचा उल्लेख करा आणि पोच घ्या.

११२ ला फोन लावला की समोरून कन्नडमध्ये बोलतात. घाबरल्यावर आम्हाला धड काही सांगता येत नाही. (विद्यार्थिनी, मच्छे)

सगळ्यात आधी ठिकाण सांगा, काय झालं ते त्यानंतर. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. मोठ्या आवारात नुसतं विद्यापीठाचं नाव पुरत नाही. गेट कोणतं, विभाग किंवा ब्लॉक कोणता, मजला कितवा, हेही सांगावं लागतं. भुतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ पुणे-बेंगळुरू महामार्गालगत आहे. अशा ठिकाणी गाडीने नेमकं कुठे वळायचं हे कळलं नाही, तर ती पुढे निघून जाते आणि वळसा घालण्यात वेळ जातो. म्हणून फोन करणाऱ्याने रुग्णाजवळ थांबावं आणि दुसऱ्या कुणालातरी बॅटरी घेऊन गेटवर उभं करावं.

चांगलं कन्नड येणाऱ्या मैत्रिणीकडून आपल्या ब्लॉकचा पत्ता कन्नडमध्ये लिहून घ्या, खाली तोच मराठी अक्षरांत लिहा आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. दोन वाक्यं पाठच करा: ‘बेंकी हत्तिदे’ म्हणजे आग लागली आहे, ‘हावु कच्चिदे’ म्हणजे साप चावला आहे. हिंदीतही बोलून पाहा, पण फोन ठेवू नका.

सीमेवर आणखी एक अडचण येते. शिनोळीच्या बाजूला, निपाणी-कागल पट्ट्यात किंवा चोर्ल्याकडे मोबाइल शेजारच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो, आणि मग कॉल तिकडच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा’ म्हणा. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन करतानाही हेच. शिवाय जवळच्या पोलीस ठाण्याचा आणि अग्निशमन केंद्राचा थेट नंबर, एसटीडी कोडसह, कागदावर लिहून ठेवा. बॅटरी संपलेल्या मोबाइलमधला नंबर उपयोगाचा नाही.

पावसाळ्यात आवारात साप निघतात. मुलं घाबरतात. कुणाला चावला तर काय करायचं? (रेक्टर, निपाणी)

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यापासून जपायचं. त्यातल्या त्यात मण्यारीबद्दल मुलांना नीट सांगा. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश दुखत नाही, सूज नाही, खूणही दिसेलच असं नाही. पहाटे पोरगा पोटात दुखतंय म्हणतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि सगळे अपचन म्हणून ओवा देत बसतात. पावसाळ्यात अशी लक्षणं एकत्र दिसली की सर्पदंश समजूनच हलवा.

चावल्यावर पळू देऊ नका, चालवू नका. अंगठी, घड्याळ, पैंजण, कडं लगेच काढा, सूज आली की ते रुततं. पायाला किंवा हाताला लाकडी पट्टी अथवा जाड पुठ्ठा लावून हाड मोडल्यावर बांधतात तसं सैलसर बांधा. दोरीने करकचून आवळू नका. त्याने विष थांबत नाही, अवयव मात्र सडू शकतो. कापणं, चोखणं, बर्फ लावणं, देवाला कौल लावणं, यात वेळ घालवू नका. चावल्याची वेळ कागदावर लिहा. साप मारून न्यायची गरज नाही. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. निघतानाच रुग्णालयात फोन करून दोन गोष्टी विचारा: प्रतिविष आहे का, आणि व्हेंटिलेटर आहे का? मण्यार आणि नागाच्या विषाने श्वास थांबू शकतो, तेव्हा नुसतं प्रतिविष पुरत नाही.

टाळायचं असेल तर सुरुवात मेसपासून करा. उष्टं अन्न उघड्यावर पडलं की उंदीर येतात, आणि त्यांच्यामागे साप. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, खाट भिंतीपासून हातभर सरकवा, मच्छरदाणी गादीखाली सगळीकडून खोचा.

बिबट्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदान परिसरात बिबट्या आला होता, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दिसला तर पाठ न फिरवता सावकाश मागे सरका, पळू नका, आणि वनखात्याला कळवा. व्हिडिओसाठी घोळका जमवला तर त्याची वाट अडते आणि तो अंगावर येतो.

आमच्या प्रयोगशाळेतल्या आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्यावर आहे. म्हणजे ते चालू आहे ना? (एमएस्सीचा विद्यार्थी, बेळगाव)

काटा फक्त आतला दाब दाखवतो. वर्षानुवर्षं एका जागी उभी राहिलेली पावडर तळाशी घट्ट बसते आणि दांडी दाबली की नुसता वायू सुटतो. म्हणून तपासणीची तारीख बघा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटाच नसतो, ते वजन करून तपासतात. वापरताना त्याच्या तोंडाचा कर्णा हातात धरू नका, गारठ्याने कातडी भाजते.

पावडरचं सहा किलोचं नळकांडं जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतं. पाठीशी दार ठेवा, पिन ओढा, दोन-तीन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी नेम धरा आणि डावीकडून उजवीकडे फिरवा. एका नळकांड्यात आग आटोक्यात आली नाही तर दार ओढून घेऊन बाहेर पडा. सोडियम पेटलं तर पाणी नाही आणि कार्बन डायऑक्साइडही नाही, कोरडी वाळू टाका. वाळूची बादली आहे का ते आजच बघा, आणि वाळू ओली नाही ना, तेही.